४२.३४ मीटरवरची मुलगी

माझी रूम पार्टनर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या प्रोजेक्टचं नाव एका दमात म्हणता येत नाही. बिनतारी सेन्सर नेटवर्कमधलं सुरक्षित आणि कमी ऊर्जा खाणारं राउटिंग. मी मास कम्युनिकेशनवाली. मला त्यातला नेटवर्क हा एकच शब्द ओळखीचा, तोही रिचार्ज संपल्यावर आठवणारा. मागच्या महिन्यात एका रात्री लाइट गेली, दोघींचेही मोबाइल बंद पडायला आले, आणि करायला दुसरं काही नाही म्हणून तिनं मला हे प्रकरण समजावून सांगितलं. ऐकता ऐकता मला सारखी उषा मेहता आठवत राहिली. हो, तीच. २०२४ मध्ये आलेल्या 'ऐ वतन मेरे वतन' या सिनेमात सारा अली खाननं जिची भूमिका केली ती. सिनेमा मी पाहिला होता, थोडंफार वाचलंही होतं. पण तिनं नेमकं काय जमवलं होतं, ते मला त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात कळलं.

आधी दोन मिनिटं तो प्रोजेक्ट. त्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही.

समजा, वैनगंगेच्या काठाकाठानं तुमसर तालुक्यापासून पवनीपर्यंत पाण्याची पातळी मोजणारी छोटी छोटी यंत्रं लावली. २०२० च्या ऑगस्टअखेरीस भंडाऱ्यात जो पूर आला तो ज्यांच्या घरात शिरला, त्यांना अशी यंत्रं कशाला हवीत हे सांगायला नको. प्रत्येक यंत्रात एक सेन्सर, एक इवलीशी चिप, एक रेडिओ आणि एक बॅटरी. या एका यंत्राला म्हणायचं नोड. वायर कुठंच नाही. बॅटरी संपली की नोड मेला, आणि भर पावसात तिथं बॅटरी बदलायला कोणी जाणार नाही. म्हणजे सगळा खेळ बॅटरी पुरवून वापरण्याचा. आता नोडची बॅटरी सगळ्यात जास्त कशानं उतरते? मोजण्यानं नाही, आकडेमोडीनंही नाही. ती उतरते रेडिओ चालू ठेवल्यानं. नोडला विचार करणं स्वस्त पडतं, बोलणं महाग.

दुसरी गोष्ट, लांबवर ओरडणं फारच महाग. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट केलं की ताकद चौपट लागते. तेच अंतर मधल्या एका शेजाऱ्यामार्फत दोन टप्प्यांत कापलं तर एकूण ताकद निम्मी होते. म्हणून नोड थेट कंट्रोल रूमला ओरडून सांगत नाही, शेजारच्या नोडच्या कानात सांगतो. तो पुढच्याच्या, तो त्याच्या पुढच्याच्या. कोणी कोणाच्या कानात सांगायचं, हे ठरवणं म्हणजे राउटिंग.

आणि तिसरी गोष्ट, हवेत बोललेलं कोणीही ऐकू शकतं. शिवाय नदीकाठी बेवारस पडलेला एखादा नोड कोणी उचलून नेला, उघडला, त्याच्या पोटातले पासवर्ड काढले आणि त्याला आपल्या बाजूचा करून परत जागेवर ठेवला, तर बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. ते बिचारे त्याच्याच कानात सांगत राहतात.

झालं. आता १९४२.

उषाचा जन्म २५ मार्च १९२० चा, सुरतजवळच्या सरस नावाच्या गावातला. (या लेखाच्या बऱ्याच भागात मी तिला एकेरी म्हणणार आहे. जे केल्यामुळे ती माहीत झाली ते तिनं केलं तेव्हा ती बावीस वर्षांची होती, म्हणजे माझ्याएवढी. माझ्या वयाच्या मुलीला मी अहो-जाहो करू शकत नाही.) वडील इंग्रजांच्या राज्यात न्यायाधीश. त्यामुळे घरात चळवळीचं नाव काढायची सोय नव्हती. पण पाच वर्षांची असताना तिनं अहमदाबादच्या आश्रमात गांधीजींना पाहिलं होतं, आणि ते डोक्यातून गेलं नाही. आठ वर्षांची असताना ती सायमन कमिशनच्या विरोधातल्या मोर्चात चालली. लहान मुलांच्या अशाच एका मोर्चात पोलिसांच्या धक्क्यानं झेंडा हातात असलेली मुलगी खाली पडली, झेंडाही पडला. मुलांना ते लागलं. मग त्यांनी झेंड्याच्या तीन रंगांचे कपडेच शिवून घेतले आणि ते घालून पुन्हा रस्त्यावर उतरली. झेंडा हातातून पाडता येतो, अंगावरचे कपडे कसे पाडणार?

१९३० मध्ये वडील निवृत्त झाले, १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आलं आणि उषाचा दोर सुटला. बारा वर्षांची ही मुलगी इतर मुलांबरोबर चोरून छापलेली पत्रकं वाटायची, तुरुंगात भेटायला जायची आणि आतल्या कैद्यांना बाहेरचे निरोप पोचवायची. मला इथंच पहिल्यांदा राउटिंग दिसलं. शाळकरी पोरीवर कोण संशय घेणार? निरोपाला लागणारी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुरक्षित वाट म्हणजे ती स्वतः.

मुंबईत ती शाळा शिकली, विल्सन कॉलेजात गेली, १९३९ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पहिल्या वर्गात पदवी मिळवली आणि कायद्याला प्रवेश घेतला. मधल्या काळात गांधीजींचा मार्ग तिनं पूर्ण स्वीकारला होता. खादी, साधेपणा, आणि लग्न न करण्याचा निर्णयही. सिनेमात हा निर्णय प्रेमकथेत गुंडाळून दाखवलाय. मला तो न गुंडाळताही पुरेसा भारी वाटतो.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकच्या मैदानावर भारत छोडोचा ठराव झाला. रात्र सरायच्या आत सरकारनं झडप घातली. ९ ऑगस्टची सकाळ उजाडली तेव्हा गांधीजींसकट काँग्रेसचे सगळे मोठे नेते अटकेत होते. वर्तमानपत्रांवर बंधनं होती. आंदोलन तर देशभर पेटलं होतं, पण एका गावात काय घडलं ते दुसऱ्या गावाला कळायची वाटच उरली नव्हती. नेटवर्कच्या भाषेत सांगायचं तर बेस स्टेशन उडालं होतं आणि नोड जिवंत होते.

आपल्याकडचंच बघा. त्या ऑगस्टमध्ये तुमसरला गोळीबार झाला, माणसं मेली. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टीत लोक उठले, आणि नंतर चिमुरात सैन्य आणि पोलीस घुसून जे घडलं ते आजही तिथं दबक्या आवाजात सांगतात. चिमूर आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, आष्टी वर्ध्यातलं. पण ही बातमी मुंबई-कलकत्त्याच्या माणसाला कोण सांगणार? छापायची सोय नाही. ऑल इंडिया रेडिओ सरकारच्या ताब्यात.

उषानं आणि तिच्या काही साथीदारांनी ठरवलं की आपला रेडिओ काढायचा. दुसऱ्या देशांच्या लढ्यांबद्दल वाचताना तिच्या लक्षात आलं होतं की स्वतःचा ट्रान्समीटर ज्याच्याकडे असतो त्याचं म्हणणं दाबता येत नाही. १४ ऑगस्टला काम सुरू झालं आणि २७ ऑगस्टला पहिलं प्रसारण झालं. म्हणजे तेरा दिवस. आमच्या कॉलेजच्या रेडिओ क्लबला माइक मिळवायला एक अख्खं सेमिस्टर लागलं होतं, म्हणून हा आकडा मला जरा जास्तच टोचतो.

यंत्र जमवणं हे मोठं लफडं होतं. महायुद्ध सुरू झाल्याबरोबर, १९३९ मध्येच, सरकारनं हौशी रेडिओवाल्यांचे परवाने गोठवून त्यांचे ट्रान्समीटर जमा करायला सांगितले होते. नरिमन प्रिंटर नावाचे एक हौशी रेडिओवाले मुंबईत होते. आडनाव प्रिंटर, काम ट्रान्समीटरचं. त्यांनी सुटे भाग जुळवून ट्रान्समीटर उभा केला. काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवणाऱ्या शिकागो रेडिओ या कंपनीचे नानक मोटवाने यांनी सामान आणि जाणकार माणसं दिली. विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर हे बरोबर होते. भूमिगत झालेल्या राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन यांची साथ होती.

लांबी ४२.३४ मीटर. प्रसारणाच्या सुरुवातीला ती सांगितली जायची आणि ठिकाण म्हणून एवढंच सांगितलं जायचं की भारतातून कुठून तरी. सुरुवातीला 'हिंदुस्ताँ हमारा'ची तबकडी, शेवटी 'वंदे मातरम्'ची. मध्ये हिंदी आणि इंग्रजीत बातम्या आणि भाषणं.

हा ४२.३४ चा आकडा रूम पार्टनरनं मोबाइलच्या उरल्यासुरल्या चार्जिंगवर कॅल्क्युलेटरमध्ये टाकला. साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ आला, आणि ती खूश झाली. ही शॉर्टवेव्ह. हिच्या लहरी जमिनीवरून सरळ जातात त्याहून खूप पुढे आभाळातून जातात. वर आयनमंडलाला आपटून त्या शेकडो किलोमीटरवर खाली उतरतात. म्हणजे मधे एकही माणूस, एकही खांब न लावता आभाळालाच मधला नोड करायचं. मुंबई ते भंडारा सरळ रेषेत साधारण साडेसातशे किलोमीटर. त्या छोट्याशा ट्रान्समीटरला एवढं अंतर झेपण्यासारखं होतं. त्यातून सूर्य मावळला की या लहरी शोषणारा आयनमंडलाचा खालचा थर विरत जातो आणि तेवढ्याच ताकदीत आवाज आणखी लांब पोचतो. काँग्रेस रेडिओ सुरुवातीला दिवसातून दोनदा बोलायचा, नंतर फक्त एकदा, संध्याकाळी. कारण काहीही असो, ऊर्जेच्या हिशेबात ती वेळ अचूक होती. सेन्सर नोडही असंच करतात. बराच वेळ झोपतात, ठरल्या वेळी उठतात, काय ते बोलतात आणि परत झोपतात.

आता मुख्य म्हणजे बातम्या यायच्या कुठून? देशभरातून माणसं निरोप घेऊन यायची. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, असं करत मजकूर मुंबईत पोचायचा. तिथं तो लिहिला जायचा. बोलणं एका जागी तबकडीवर रेकॉर्ड व्हायचं, आणि तबकडी दुसऱ्या जागी नेऊन वाजवली जायची. रेकॉर्डिंगची जागा वेगळी, प्रसारणाची वेगळी. एक सापडली तर दुसरी वाचावी. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची सविस्तर हकिकत या रेडिओनं देशाला ऐकवली. चितगावचा बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियात घडलेलं, हेही. चिमूरच्या एखाद्या घरातून निघालेली गोष्ट कोणाच्या तरी पायांनी, कोणाच्या तरी पिशवीतून, आगगाडीनं मुंबईला गेली आणि तिथून आभाळाला आपटून परत देशभर सांडली. शेवटचा टप्पा सोडला तर यातलं काहीच बिनतारी नाही. पण राउटिंग म्हणाल तर अस्सल.

पोलीस अर्थात मागावर होते. सरकारी यंत्रणा हा रेडिओ रोज ऐकत होती, शब्द न् शब्द लिहून घेत होती. (गंमत अशी की काँग्रेस रेडिओवर काय बोललं गेलं हे आज आपल्याला माहीत आहे ते बऱ्याच अंशी पोलिसांच्या या कागदांमुळे. शत्रूइतका मन लावून ऐकणारा श्रोता मिळत नाही.) त्याच लांबीवर खरखर सोडून आवाज बुजवायचे प्रयत्नही झाले. आणि दिशा शोधणाऱ्या गाड्या फिरत होत्या. त्यांचं काम सोपं असतं. एका ठिकाणी उभं राहून अँटेना फिरवायचा, आवाज कुठल्या बाजूनं येतोय ते पाहून नकाशावर रेघ मारायची. दुसऱ्या ठिकाणी जाऊन दुसरी रेघ मारायची. जिथं रेघा कापतात तिथं ट्रान्समीटर. यासाठी फक्त एकच गोष्ट लागते, ट्रान्समीटरनं बराच वेळ एका जागेवरून बोलत राहायला हवं.

म्हणून तो एका जागेवरून फार काळ बोललाच नाही. चौपाटीवरची सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचं लक्ष्मी भवन, गिरगावातली पारेखवाडी, वाळकेश्वरचा रतन महल, महालक्ष्मीजवळचा पॅरडाइज बंगला. जेमतेम अडीच महिन्यांत एवढ्या जागा. आज ज्याला आपण शिफ्टिंग म्हणतो ते एक कपाट आणि दोन गाद्यांचं केलं तरी कंबर मोडते. इथं सामान होतं पकडलं गेलं तर तुरुंगात नेणारं.

रूम पार्टनरच्या प्रोजेक्टमध्ये लीच नावाची एक पद्धत आहे. लीच म्हणजे जळू. रोवणीच्या दिवसांत बांधीत पायाला चिकटते ती. हे नाव लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडलंय, पण लक्षात राहायला बरं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी ती २००० मध्ये मांडली. कल्पना अशी की नोडचे गट करायचे, प्रत्येक गटाचा एक मुखिया. बाकीचे मुखियाच्या कानात सांगणार, मुखिया सगळ्यांचं एकत्र करून लांबच्या बेस स्टेशनला कळवणार. लांब बोलायचं म्हणजे मुखियाची बॅटरी लवकर संपणार. मग एकालाच मुखिया ठेवायचं नाही. फेरीफेरीनं मुखिया बदलायचा. कोणी एकटा मरत नाही, सगळे मिळून थोडे थोडे दमतात.

मी तिला म्हटलं, अगं, हे तर चौपाटी ते महालक्ष्मी आहे. तिला पटलं नाही, आणि तिचं बरोबर होतं. मुंबईत विजेची चणचण नव्हती, ट्रान्समीटर भिंतीतल्या प्लगवर चालायचा. पण मला वाटतं, तिथं दुसरी एक बॅटरी होती. प्रत्येक जागेकडे थोडीशी सुरक्षितता शिल्लक असायची. दर संध्याकाळच्या प्रसारणानं ती थोडी उतरायची. पूर्ण उतरायच्या आत मुक्काम हलवायचा. हिशेब तोच, फक्त मोजायचं माप वेगळं.

एक गोष्ट मात्र त्यांना बदलता येत नव्हती. ४२.३४. जागा बदलली तरी लांबी तीच, कारण घराघरातल्या रेडिओचा काटा तिथंच लावायचा असं लोकांना माहीत होतं. ती बदलली असती तर पोलीस चुकले असते आणि श्रोतेही. यावरचा तोडगा त्याच महिन्यात जगाच्या दुसऱ्या टोकाला कागदावर आला होता. ११ ऑगस्ट १९४२ ला, काँग्रेस रेडिओच्या पहिल्या प्रसारणाच्या सोळा दिवस आधी, हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथिल यांना अमेरिकेत एक पेटंट मिळालं. संदेश एकाच फ्रिक्वेन्सीवर न पाठवता सतत उड्या मारत पाठवायचा, म्हणजे शत्रूला तो पकडता येत नाही आणि बुजवताही येत नाही. तुमच्या कानातला ब्लूटूथ आज अशाच उड्या मारतो. पण त्यासाठी ऐकणाऱ्यालाही त्याच क्रमानं उड्या माराव्या लागतात. पाणबुडीच्या टॉर्पेडोला ते जमेल, भंडाऱ्याच्या एखाद्या वकिलाच्या दिवाणखान्यातल्या रेडिओला कसं जमणार? ज्याला सगळ्यांशी बोलायचंय त्याला लपता येत नाही. काँग्रेस रेडिओचा हा पेच शेवटपर्यंत सुटला नाही, आणि सुटण्यासारखा नव्हताच.

तरी हवेतून ते सापडले नाहीत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नकाशावरच्या रेघांनी त्यांना पकडलं नाही. १२ नोव्हेंबर १९४२ ला नरिमन प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले आणि त्यांनी ठिकाण सांगितलं.

ज्यानं यंत्र उभं केलं त्याला ते कुठं आहे हे माहीत असणारच. निरोप आणणाऱ्यांना रेकॉर्डिंगची जागा माहीत नसली तरी चालतं, भाषण लिहिणाऱ्याला ट्रान्समीटरचं घर माहीत नसलं तरी चालतं. पण यंत्र बिघडलं तर दुरुस्त करायला कोणीतरी यावं लागतं, आणि त्याला पत्ता द्यावा लागतो. सेन्सर नेटवर्कवाले आज याच एका प्रश्नावर पेपरवर पेपर लिहितात. एका नोडच्या पोटात किती किल्ल्या ठेवायच्या? सगळ्या ठेवल्या तर तो फुटला की सगळं फुटलं. एकही नाही ठेवली तर तो कामाचा नाही. मग प्रत्येकाला थोड्या थोड्या, वेगवेगळ्या किल्ल्या द्यायच्या, म्हणजे एक गेला तरी त्याच्या आजूबाजूचंच जाईल. नरिमन प्रिंटर यांच्याबद्दल मला राग यावा असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. मला तो पूर्ण येत नाही. पोलिसांच्या खोलीत त्या दिवशी त्यांच्यावर काय गुदरलं ते मी पाहिलेलं नाही. आणि तेरा दिवसांत उभ्या राहिलेल्या रेडिओत त्यांचाही हात होता.

त्या दिवशी आधी बाबूभाई खाकर यांच्या ऑफिसवर छापा पडला होता. उषाला धोका कळला होता. तिच्याकडे निसटायला वेळ होता. ती लोहियांना आणि बाकीच्यांना सावध करून आली आणि संध्याकाळी पॅरडाइज बंगल्यात चंद्रकांत झवेरींबरोबर नेहमीसारखी प्रसारणाला बसली. नेटवर्कच्या दृष्टीनं बघितलं तर हे चूकच आहे. धोका कळला की नोडनं गप्प बसावं, बॅटरी वाचवावी, दुसऱ्या दिवशी दुसरीकडून बोलावं. मी हे रूम पार्टनरला म्हटलं तेव्हा ती काहीच बोलली नाही.

पोलीस दारं फोडून आत आले तेव्हा 'वंदे मातरम्' वाजत होतं. तबकडी थांबवायला सांगितलं गेलं. दोघं हलले नाहीत. गाणं चालू असताना उभं राहायचं असतं, ते उभे राहिले.

यानंतर सहा महिने चौकशी चालली, त्यातला बराच काळ एकांतवासात. सगळ्यांची नावं सांग, लोहिया कुठं आहेत सांग, परदेशात शिकायला पाठवू, असंही आमिष दाखवलं गेलं. ती काही बोलली नाही. हे वाचताना मला सारखं वाटतं की सहा महिने हा आकडा आपण फार पटकन वाचून पुढे जातो. एक सेमिस्टर. जून ते नोव्हेंबर. तेवढा वेळ रोज तेच प्रश्न, आणि उत्तर एकदाही नाही. खटल्यात तिनं न्यायाधीशांना विचारलं की उत्तरं देणं बंधनकारक आहे का. नाही, असं कळल्यावर तिनं सांगून टाकलं की मग मी एकाही प्रश्नाचं उत्तर देणार नाही, अगदी स्वतःला वाचवण्यासाठीसुद्धा नाही. कायद्याचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं, पण जेवढं झालं तेवढं कामी आलं म्हणायचं.

बाबूभाई खाकरना पाच वर्षं, उषाला चार, चंद्रकांत झवेरींना एक. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवाने सुटले. म्हणजे ते कोसळलेलं नेटवर्क एवढ्यावरच थांबलं. लोहिया तेव्हा तरी सापडले नाहीत. ज्या मुलीला सगळं माहीत होतं तिच्याकडून पुढची एकही वाट पोलिसांना मिळाली नाही. नोड पकडता येतो, उघडता येतो, पण हिच्या पोटातली किल्ली निघेना. टॅम्पर-प्रूफ चिप बनवायला कंपन्या किती पैसे ओततात ते रूम पार्टनर मला सांगत होती. मला वाटतं या ठिकाणी उपमा संपते. चिपला एकांतवास कळत नाही.

येरवड्याला असताना तिची तब्येत ढासळली, मुंबईला जे. जे. रुग्णालयात ठेवावं लागलं, बरी वाटल्यावर परत तुरुंग. मार्च १९४६ मध्ये ती सुटली. तेव्हाच्या मुंबई प्रांतात मोरारजी देसाई गृहमंत्री होते, त्यांच्या आदेशानं सुटलेली ती पहिली राजकीय कैदी. वय सव्वीस. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीतल्या सोहळ्याला जायचं होतं, पण ती अंथरुणावर होती. ज्या बातमीसाठी हा सगळा खटाटोप केला ती बातमी आली तेव्हा ही मुलगी आजारी, घरात पडून.

इथून पुढे मी त्यांना उषाबेन म्हणते, कारण इथून पुढे त्या प्राध्यापक झाल्या. गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर त्यांनी मुंबई विद्यापीठातून पीएच.डी. केली. जिथं शिकल्या त्याच विल्सन कॉलेजात तीस वर्षं शिकवलं. मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, १९८० मध्ये निवृत्त झाल्या. मुंबईत गांधीजी जिथं उतरायचे त्या मणिभवनचं काम पाहिलं, गांधी स्मारक निधीच्या अध्यक्ष झाल्या. साधी खादीची साडी, निवडणूक नाही, पद नाही. तीस वर्षांत किती मुलं त्यांच्या वर्गात बसली असतील, आणि त्यातल्या कितीतरी जणांना हे माहीतही नसेल की समोर फळ्यावर लिहिणाऱ्या बाईंच्या आवाजासाठी एके काळी मुंबईभर पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

लीचचा तो पेपर जानेवारी २००० मध्ये हवाईतल्या एका परिषदेत वाचला गेला. त्याच वर्षी ९ ऑगस्टला, अंगात ताप असताना, ऐंशी वर्षांच्या उषाबेन गवालिया टँकच्या मैदानावर, म्हणजे आताच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर, दरवर्षीसारख्या गेल्या. घरी आल्या त्या थकून. ११ ऑगस्टला त्या गेल्या.

लाइट पहाटे आली. रूम पार्टनरनं पहिल्यांदा लॅपटॉप चार्जिंगला लावला आणि आपल्या स्लाइडमधलं एक वाक्य बदललं. आधी तिथं लिहिलं होतं की सुरक्षित नेटवर्कमध्ये एकही नोड फुटता कामा नये. आता तिनं लिहिलंय की एखादा फुटणारच, असं धरून चालावं.